कोण नाई आलं?

आमच्या भागात घरोघरी टीव्ही आले आणि तेव्हापासून रविवारची उपासना अर्धी रिकामी असते. कारण विचारलं की उत्तर तयार असतं. “काकू, देव काय चर्चमंदीच राह्यते काय? आमी घरीच प्रार्थना करतो.”

हे उत्तर चुकीचं नाही. मी स्वतः एकदा सात-आठ महिने घरीच प्रार्थना केली आहे. टीव्हीसाठी नाही, क्षयरोगासाठी. ते दिवस कसे गेले ते लिहिते. हा आजार ज्यांना झाला आहे त्यांच्या उपयोगी पडेल, ज्यांना नाही त्यांच्याही पडेल. माझ्याबरोबर आमच्या चर्चच्या मंडळीतली कमल नावाची एक बाई आजारी होती. औषध दोघींना एकच होतं. मी आज हे लिहायला आहे, ती नाही. हा फरक कशामुळे पडला, तेवढंच मला सांगायचं आहे.

फळ्यापाशी

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. मी रोहण्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. खोकला दिवाळीपासून होता. शाळेत त्याला खडूचा खोकला म्हणत, घरी चुलीच्या धुराचा, आणि चर्चमधल्या पेटीवाल्या गुरुजींच्या मते हवा बदलली होती. मी सगळ्यांचं मान्य केलं, कारण आजारी पडायला मला वेळ नव्हता.

तिसरीचा वर्ग होता, पाढे चालले होते. फळा पुसताना ढास लागली. पदर तोंडाला लावला आणि खाली घेतला तर त्यावर लाल डाग. मी पान खात नाही. पदराचं ते टोक आत दुमडून कमरेला खोचलं आणि पाढे पुढे चालू ठेवले.

घरी सांगितलं नाही. घरात सासूबाई, सातवीतली मुलगी निर्मला आणि माझे यजमान दानियल. ते आर्वीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने जात-येत. सांगितलं असतं तर शाळा, चूल आणि मुलगी यांचं काय करायचं याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. संध्याकाळी अंगात कसर यायची. मी शाल गुंडाळून भाकरी करायची.

मग दोन रविवार चर्च बुडालं. चर्च आर्वीला. स्टेशनपर्यंत चालत जावं लागे आणि तेवढ्यात दम लागत होता. कापसाच्या हंगामात जिनिंग रविवारीही चालू, त्यामुळे दानियलही गेले नव्हते. आमच्या घरातून कोणीच गेलं नाही आणि कोणाकडून निरोपही गेला नाही.

चपला घालायच्या आधी

इथे आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी.

मंडळी लहान, बारा-पंधरा घरांची. पाळक महिन्यातून एकदा वर्ध्याहून येत. बाकीचे रविवार आमचे पंच उपासना चालवत. त्यातले सगळ्यांत म्हातारे याकोबकाका. छोट्या गाडीच्या लाइनवर फाटकवाले म्हणून त्यांचा जन्म गेला होता. उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाला की ते सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभे राहत. बाहेर पायरीवर आमच्या चपला. कोणी चपलेत पाय घालायच्या आधी ते विचारत, “कोण नाई आलं?”

मग लोक नावं घेत. अमकी नाही आली. शेजारचं कोणी सांगे, माहेरी गेली. तमका नाही आला. त्याची गाय व्यायली. कारण कळलं की नाव सुटलं. पण ज्याचं कारण कोणालाच माहीत नाही, त्याच्या घरी कोणीतरी तिथूनच जायचं. आधी घरी जाऊन जेवायचं, मग बघू, असं चालत नसे; फक्त बाहेरगावच्या माणसासाठी एक रविवार वाट बघत.

मला ही रीत कधी फारशी आवडली नव्हती. आपण कुठे आहोत याची चौकशी गावाने का करावी, असं वाटे. उपासनेतही फार गोडी होती असं नाही. प्रवचन लांबायचं, पेटीचा एक सूर दाबला की वर येत नसे. मी जायची ती सवय म्हणून.

त्या दुसऱ्या रविवारी दुपारी याकोबकाका छोट्या गाडीने रोहण्याला उतरले. मी ओसरीत गोधडी घेऊन पडले होते.

“काऊन वो बाई, दोन रविवार झाले, दिसल्या नाई?”

“जरा बरं नव्हतं काका. येते पुढच्या रविवारी.”

“खोकला कवाचा हाय?”

“थंडीचा आहे.”

“थंडी गेली. आंब्याचा मोहर बी गयून गेला.” ते खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “रक्त पडते काय?”

इतकं सरळ मला कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाई आतून दारापर्यंत आल्या.

“पडतं,” मी म्हणाले.

“मंग पुढच्या रविवारचं सोडा. उद्या वर्ध्याले.”

“उद्या शाळा आहे.”

“शाळा तुमी यायच्या आधी बी भरे. तुमच्यावाचून तिचा पाढा नाई अडत.”

देवाने माझी प्रार्थना ऐकली का, असं पुढे मला काहींनी विचारलं. मी प्रार्थना केलीच नव्हती. मी गोधडीत पडून सोमवारच्या शाळेचा विचार करत होते. देवाला माझं दुखणं ठाऊक असेल. पण रोहण्याच्या स्टेशनवर उतरले ते याकोबकाका, आणि ते उतरले कारण माझी नेहमीची जागा रिकामी दिसली. मी नेहमी गेलेच नसते तर ती जागा रिकामी दिसायचं काही कारणच नव्हतं.

निदान

वर्ध्याचे डॉक्टर तरुण होते. खिडकीच्या उजेडात छातीचा फोटो धरून म्हणाले, “टी.बी. आहे. बरा होतो. दीड वर्ष औषध. मधेच बरं वाटेल, तेव्हा सोडायचं नाही. सोडलं आणि परत उलटला तर मग मी काही करू शकेन असं नाही.”

मी विचारलं, “मुलीला होईल?”

“तिची तपासणी करा. आणि तुम्ही आजच भरती व्हा.”

दानियल शेजारी उभे होते. बाहेर जाऊन माझ्यासाठी संत्री घेऊन आले, पिशवी हातात धरून बराच वेळ खाटेपाशी बसले, आणि निघताना ती पिशवी तशीच घरी घेऊन गेले. मला राग आला नाही. त्या दिवशी त्यांच्या हाताला काय करायचं ते कळत नव्हतं.

निर्मलाची तपासणी चांगली निघाली. तिला माझ्या भावाकडे तळेगावला पाठवलं. सासूबाईंनी माझी थाळी वेगळी काढली आणि ओळखू यावी म्हणून तिच्या बुडाशी खिळ्याने फुली ओढली. त्यांचं बरोबरच होतं. ती थाळी अजून घरात आहे आणि मी तिच्यात जेवत नाही.

वॉर्ड

दवाखान्यात भीती सुरुवातीला वाटते तशी सतत नसते. ती ठरावीक वेळेला येते. आमच्याकडे ती सकाळी यायची. झाकणाचे थुंकीचे डबे बदलून जात, मग सुई, मग दूध. त्या सुमारास व्हरांड्याच्या कठड्यावर एखादी गादी उन्हात टाकलेली दिसे. गादी उन्हात पडली की समजायचं, तिच्यावरचं माणूस गेलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर काही दिवसांनी कमल आली. आमच्याच मंडळीतली, पंचविशीच्या आतली. चर्चमध्ये ती माझ्या मागच्या रांगेत बसायची आणि मोठ्याने, जरा बेसूर गायची, एवढीच तिची माझी ओळख. आर्वीला जिनिंगच्या मागे भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा मधुकर ट्रकवर. गेला की आठ-आठ दिवस येत नसे. मूलबाळ नव्हतं.

मला बघून म्हणाली, “बाई, तुमी बी? मले वाटे मास्तरणीले उन्हायाच्या सुट्टीतच आजार येत असन.”

औषधात एक पुडी होती, पाण्यात कालवून घ्यायची. ओल्या चुन्यासारखी लागायची आणि पोटातून परत वर यायची. कमल नाक दाबून ती घ्यायची आणि म्हणायची, “या पुडीनं भित पोतली तं भित बी ओकन वो माय.” सगळा वॉर्ड हसायचा. हसलं की खोकला यायचा, मग नर्स ओरडायची.

सकाळी डोळे उघडल्याबरोबर ती कठड्याकडे बघून विचारायची, “आज कोणाची?” मी सांगायची, कोणाची नाही. मग ती उठून वेणी घालायची. काही सकाळी मला तसं सांगता आलं नाही. त्या दिवशी तिची वेणी राहायची.

रविवारी मात्र ती गायची. आवाज अर्धा झाला होता, पण बेसूरपणा तेवढाच. मी वचन वाचायची. पलीकडच्या खाटेवर केळझरची एक म्हातारी होती. तिला आमच्या गाण्यातलं काही कळत नसे, पण संपलं की म्हणायची, “पुन्हा म्हन वो पोरी.” त्या वॉर्डात मला काही चांगलं मिळालं असेल तर ते एवढंच, आणि ते एकटीने मिळालं नाही.

याकोबकाका दर काही दिवसांनी यायचे. बसायला स्टूल मिळत नसे, मग उभ्यानेच चर्चमध्ये कोण आलं, कोण नाही, ते सांगून जायचे.

सूट

पावसाळ्यात दोघींना घरी सोडलं. औषध चालूच ठेवायचं, महिन्याच्या गोळ्या आर्वीच्या दवाखान्यातून घ्यायच्या. आता तुमच्यापासून दुसऱ्याला धोका जवळजवळ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोकांना ते “जवळजवळ” ऐकू येतं, बाकीचं येत नाही.

पहिल्याच रविवारी आम्ही चर्चला गेलो. प्रभुभोजनाचा रविवार होता, पाळक आले होते. आम्ही दोघी एका सतरंजीवर बसलो आणि बघता बघता आमच्याभोवती जागा मोकळी झाली. एकीने आपलं लेकरू आमच्या बाजूच्या मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

आमच्याकडे तेव्हा प्रभुभोजनाला एकच पेला असे, सगळ्यांच्या ओठाला लागणारा. आम्ही शेवटी गेलो, म्हणजे आमच्यानंतर कोणी नको. पण पेल्यात उरलेलं पाळकांनी संपवायचं असतं. त्यांनी ते संपवलं. मात्र पेला वर नेताना त्यांचा हात मधेच थांबला, आणि तो सगळ्यांनी पाहिला.

आशीर्वादानंतर पंच तिथेच बसले. भांडण काही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. सगळे प्रेमानेच बोलत होते. ठरलं ते असं, की दवाखान्यातून पूर्ण बऱ्या झाल्याचं सांगेपर्यंत या दोघी बहिणींना उपासनेची सूट. त्यांनी घरीच प्रार्थना करावी. आणि दारात विचारताना त्यांची नावं घेऊ नयेत. कारण तर सगळ्यांना माहीतच आहे. दर रविवारी आजाराचा उच्चार करून त्यांना लाज कशाला आणायची?

मला ते पटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. मोकळी झालेली सतरंजी मला पुन्हा बघायची नव्हती.

कमल म्हणाली, “मंग आमाले कोण इचारन?”

कोणीतरी म्हणालं, “देव इचारन नं बापा!”

सगळे हसले. कमलही हसली. याकोबकाका मात्र दारातच उभे होते आणि खाली चपलांकडे बघत होते. पण ठरावाला पाचही पंचांची मान हलली, त्यांचीही.

घरची उपासना

आता घरच्या प्रार्थनेबद्दल खरं सांगते.

सुरुवातीला मी रविवारी अंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून, चटईवर बसायची. स्तोत्र वाचायची, दोन गीतं म्हणायची, प्रार्थना करायची. मग गीत एकच झालं. मग वाचता वाचता चुलीवरची डाळ बघायला उठू लागले. मग डाळ बघता बघता स्तोत्र म्हणू लागले. पोळ्याच्या सुमाराला वाचायला घ्यायचं राहून गेलं आणि ते राहिल्याचं माझ्या लक्षात आलं मंगळवारी. एकटीच्या उपासनेत उशीर होत नाही, कारण कोणी वाट बघत नसतं. कंटाळा आला तरी शेजारच्याकडे बघून बसून राहावं लागत नाही. मी आळशी बाई नाही. मुलांना पंधरा वर्षं वेळेवर शाळेत आणलं आहे. माझं जर असं झालं, तर घरीच करतो म्हणणाऱ्यांपैकी कितींचं काय होत असेल, याचा मला अंदाज आहे.

आणि जे उपासनेचं झालं तेच औषधाचं होणार होतं. पुडी घेतली की सकाळ वाया जायची. वजन वाढलं होतं, खोकला गेला होता. बऱ्या झालेल्या माणसाला औषध हे शत्रूसारखं वाटतं. मी ते सोडलं नाही याचं श्रेय माझ्या निश्चयाला नाही. आमच्या शेजारी कोकिळाबाई राहायची. तिच्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघाली की ती आमच्या अंगणात थांबायची.

“घेतली काय वो बाई, गोयी?”

“घेते.”

“घेते नाई. घे. मी उभी हावो.”

“तुला उशीर होईल कोकिळा.”

“होऊ दे. माहे वांगे काय पळून नाई जात. तू घेतल्याबिगर मी नाई हालत.”

मी तिच्यासमोर गोळी गिळायची आणि पुडी प्यायची. ती तोंड वाकडं करायची, जणू तिनेच घेतली, आणि मेथीची जुडी ओट्यावर ठेवून जायची. मंडळीने मला सूट दिली होती. कोकिळाबाईला त्या ठरावाची काही कल्पना नव्हती.

कमलकडे मी दानियलबरोबर एकदा निरोप पाठवला होता. ते जाऊन आले. तिचा उलट निरोप आला, “बाईले सांगजा, गाल भरले माहे. आता वयखू नाई येनार.” मला बरं वाटलं. त्यानंतर हंगाम लागला, दानियलना वेळ मिळेना, आणि माझं आर्वीला जाणं दवाखान्यापुरतंच राहिलं. तिथे कमल दिसायची नाही. तिची गोळ्यांची तारीख वेगळी असेल, असं मी धरलं. दवाखान्यालाही ती न आल्याचं जाणवलं नसावं. तिथे रांग एवढी मोठी असते की एक माणूस आलं नाही तर ती तेवढीच कमी होते.

दारात

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी माझी थुंकी स्वच्छ निघाली. अजून काही महिने औषध होतं, पण चर्चला जायला हरकत नाही असं डॉक्टरांनी लेखी दिलं. तो कागद मी कोणाला दाखवला नाही. सरळ जाऊन बसले. या वेळी माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली, जरा सावधपणे, पण बसली.

आशीर्वाद झाला. याकोबकाका दारात गेले.

“कोण नाई आलं?”

नावं निघाली, कारणं निघाली. मी वाट बघत होते. लोक चपलांकडे वळले.

“कमल नाही आली,” मी म्हणाले.

“तिले सूट हाय नं,” एक पंच म्हणाले.

“कशी आहे ती?”

एक म्हणाली, बरी असेल. दुसरी म्हणाली, दसऱ्याला बाजारात दिसली होती, चांगली जाडजूड. दसऱ्यानंतरचं कोणालाच काही माहीत नव्हतं. कारण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी गेलंच नव्हतं.

याकोबकाकांनी माझ्याकडे बघितलं. “चाला,” ते म्हणाले. ते इतक्या भराभर चालले की मला मागे थांबून दम घ्यावा लागला.

कमलची खोली

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कमल भिंतीला टेकून बसली होती. गाल भरले होते ते परत आत गेले होते. आम्हाला बघून तिने पदर सावरला.

“या नं काका. बाई, तुमी तं पुऱ्या मास्तरीण दिसून राह्यल्या.” मग थांबून म्हणाली, “आज रविवार हाय काय?”

फळीवर औषधांचा डबा होता. मी उघडला. पुड्या ओल धरून दगडासारख्या झाल्या होत्या.

“सोडल्यास?”

“बरी झालती मी. दिवायीच्या आधीच सोडल्या. त्याहीनं मयमय होये, सैपाक नाई होये माह्यानं.”

“मग परत खोकला आला तेव्हा?”

“तवा सांगाव कोणाले? हे असते ट्रकवर. मले वाटे, रविवार हाय, कोणी येईन. चपलांचा आवाज आला का मी दाराकडे पाहो. मंग याद ये, आपल्याले तं सूट हाय.” ती हसली आणि ढास लागली. पदर लाल झाला.

याकोबकाका उंबरठ्यावर बसले होते. आत आले नाहीत. “मी पाचवा होतो त्याच्यात,” एवढंच म्हणाले. कमलला ते कळलं नसावं. तिने मला विचारलं, “काका काय म्हनते?”

मी म्हणाले, “उद्या वर्ध्याला जायचं म्हणतात.”

पुन्हा वॉर्ड

डॉक्टर तेच होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, “आता या गोळ्यांना तो दाद देत नाही. दुसरी औषधं आहेत, देऊन बघतो.”

त्यानंतर मंडळीने जे करायचं ते सगळं केलं. आळीपाळीने जात होते. कोणी अंडी नेली, कोणी तूप. ज्या बाईने लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं होतं, तिने कमलचे केस विंचरले. ते मी पाहिलं. हे सगळं खरं होतं, मनापासून होतं. फक्त उशिरा होतं.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी काही दिवस तिथेच राहिले. कमलने गाणं सोडलं होतं. सकाळी ती कठड्याकडे बघायची, विचारायची नाही. एकदा म्हणाली, “बाई, माही गादी उन्हात टाकतीन नं, तवा चांगली झटकून टाकजा म्हना. ढेकून लय हायेत.”

मी म्हणाले, “गप बस.”

“गपच तं बसून राह्यली वर्षभर,” ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, बरी झालीस की चर्चला यायचं, माझ्या शेजारी बसायचं. तिने मान हलवली. दोघींनाही माहीत होतं की हे बोलण्यापुरतं आहे. शाळा उघडायच्या आठवड्यात ती गेली. मी रोहण्याला होते. छोट्या गाडीने येऊन याकोबकाकांनी शाळेच्या दारात सांगितलं. टोपी हातात होती, म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं.

आर्वी

तिला आर्वीला आणलं. आमची दफनभूमी गावाबाहेर आहे, बाभळीत. पाऊस पडून गेला होता, खड्ड्यात पाणी साचलं होतं, ते बादलीने उपसावं लागलं. मधुकर नागपूरकडून ट्रकवरूनच आला होता, अंगावर तेच कपडे. पाळकांनी वचन वाचलं. गीत म्हटलं गेलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की मागच्या रांगेतला मोठा आवाज त्यात नाही. माती दिली. आशीर्वाद झाला.

चपला आम्ही बाभळीखाली काढल्या होत्या. लोक तिकडे वळले. याकोबकाका नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी तिथे जाऊन उभे होते, आणि जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“कोण नाई आलं?”

विचारल्यावर त्यांना स्वतःलाच कळलं असावं. त्यांचा हात तोंडापर्यंत गेला. कोणी चपलेत पाय घातला नाही. सवयीने आम्ही सगळेच एकमेकांकडे बघून नावं शोधू लागलो. बाजाराजवळचं अख्खं घर आलं होतं. स्टेशनजवळचं आलं होतं. रोहण्याहून दानियल होते, सासूबाई होत्या, तळेगावहून परतलेली निर्मला होती, बाजूला पाटी घेऊन कोकिळाबाईही उभी होती. पाचही पंच होते. जे नाताळलासुद्धा येत नसत ते आले होते.

एकही नाव निघालं नाही. त्या दिवशी सगळे आले होते.